राहणाऱ्यांसाठी काय?

परंड्याच्या बसस्टँडमागं हिंमतरावांचं पेंडीचं दुकान आहे. त्या दिवशी दुकानापुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता आणि स्टेजवर स्टीलचे दुधाचे कॅन एकावर एक रचून ठेवले होते. ऊन त्यांच्यावरून असं उसळत होतं की पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांवर पदर ओढून बसल्या होत्या. 'मायधार' गोळीपेंडीच्या कंपनीचा मेळावा होता आणि तिथं गिऱ्हाइकांना कॅन वाटणार अशी बातमी होती.

धुरपदाबाई पहिल्याच रांगेत, अगदी मधोमध बसल्या होत्या. हिंमतरावांनी त्यांना स्वतः फोन केला होता. "मावशी, यायलाच पाहिजे तुम्ही. तुमच्यासारखी जुनी माणसं पुढं असली म्हणजे मांडवाला शोभा येती." म्हणून त्यांनी लग्नकार्याला नेसायचं इरकल काढलं होतं. थोरल्या लेकानं, बिभीषणनं, त्यांना वस्तीवरून फाट्यापर्यंत मोटरसायकलवर आणून सोडलं आणि तिथून त्या वडापच्या जीपनं परंड्याला आल्या. निघताना थोरल्या सुनेला, शिवलीलाला, सांगून आल्या होत्या, "सांजच्याला तो जुना कॅन घासत बसू नको. नवा येतोय."

त्यांना तसं वाटायला कारण होतं. मायधारची पेंड त्यांच्याकडं नवरा हयात असल्यापासून यायची. तेव्हा दारात एकच म्हैस होती, आता गोठा भरलेला होता. मध्ये एका साली तालुक्यात जनावरं पटापट आजारी पडायला लागली, तेव्हा कुणीतरी उठवलं की हे सगळं मायधारच्या पेंडीमुळं होतंय. लोकांनी पोती परत आणून दुकानाच्या पायरीवर टाकली. हिंमतराव शटर अर्धं ओढून आत अंधारात बसून राहायचे. त्या दिवसांत धुरपदाबाई भर बाजारात, सगळ्यांच्या देखत दुकानात गेल्या, पोतं उचलायला लावलं आणि गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या म्हशी हीच पेंड खात्यात. कुणाला बघायचं आसंल तर वस्तीवर या." काही लोक खरंच आले, गोठा बघून गेले. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की ती साथ होती, पेंडीचा काही संबंध नव्हता. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. हिंमतराव ही गोष्ट पुष्कळांना सांगायचे. कंपनीला मात्र ती कुणी सांगितली नव्हती.

कंपनीचा नवा अधिकारी कृष्णराज माइकवरून नावं पुकारत होता. लातूरकडचा तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. ज्याचं नाव येईल तो स्टेजवर जायचा, त्याला फेटा, नारळ आणि कॅन मिळायचा, मग फोटो. प्रत्येक नावाला धुरपदाबाई पदर सारखा करायच्या. शेजारच्या वस्तीवरची एक बाई कॅन घेऊन खाली आली. तिनं आजवर या दुकानातून एकच पोतं नेलेलं धुरपदाबाईंना ठाऊक होतं. स्टेजवरची रास कमी होत होत संपली आणि कृष्णराजनं सगळ्यांना जेवून जायला सांगितलं.

धुरपदाबाई उठल्या आणि सरळ स्टेजवर चढल्या.

"साहेब, माझं नाव ऱ्हायलं."

"काय नाव, मावशी?"

त्यांनी सांगितलं. तेवढ्यात हिंमतराव घाईघाईनं आले. "साहेब, ह्या आपल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक."

कृष्णराजचा चेहरा उजळला. त्यानं वाकून नमस्कार केला. "पण मावशी, ही स्कीम नवीन ग्राहकांसाठी आहे. ज्यांनी आता पहिल्यांदा पोतं घेतलं त्यांच्यासाठी."

"मंग जुन्यासाठी काय हाय?"

"जुन्यांसाठी..." तो हसला, तेही मनापासून. "तुम्ही तर घरच्याच आहात की!"

खाली उभी असलेली चार माणसंही हसली. बोलणं वाईट नव्हतं, म्हणून त्याला उत्तर देणंही अवघड होतं. धुरपदाबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून कृष्णराजनं आवाज खाली आणला. "एक करू या. घरात सून असेल ना? तिच्या नावानं नवीन नोंद करतो. पुढच्या आठवड्यात कॅन घरपोच."

"म्हंजी जुनी हाय म्हणून मला मिळत न्हाय, आन् नवी हाय आसं खोटं सांगितलं की मिळतं?"

"खोटं कसलं, मावशी. सगळेच करतात तसं."

"करू द्या त्यांना."

हिंमतरावांना कुठं बघावं कळेना. "मावशी, माझ्याकडून एक कॅन घेऊन जावा. आत दुकानात हायत."

"तुमच्याकडून कशापायी? मला काय इकत घेता येत न्हाय व्हय?" असं म्हणून त्या खाली उतरल्या आणि न जेवताच जीपच्या थांब्याकडं निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, आधी बिभीषणला, मग पुन्हा गोठ्यात शिवलीलाला. शिवलीला धार काढत होती. दुधाच्या धारांच्या आवाजात ती नुसतं "व्हय आत्या, व्हय आत्या" म्हणत राहिली. धुरपदाबाईंचं बोलणं कॅनवरून त्या साथीच्या सालावर गेलं, तिथून मेलेल्या नवऱ्यावर गेलं आणि पुन्हा त्या पोराच्या हसण्यावर आलं. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं. मायधारचा एक दाणा आता या गोठ्यात यायचा नाही.

किल्ल्याकडच्या रस्त्यावर दुसऱ्या एका कंपनीचं दुकान होतं. तिथंही तसलीच योजना चालू होती. धुरपदाबाई बिभीषणला घेऊन गेल्या, तर दुकानदारानं खुर्ची पुसून दिली, थंड मागवलं, खांद्यावर शाल घातली आणि कॅन हातात देऊन फोटो काढला. बिभीषणनं तो फोटो फोनच्या स्टेटसला ठेवला. धुरपदाबाईंनी दिवसभरात तो पुन्हा पुन्हा मागून बघितला. फोटोत त्या हसत नव्हत्या, पण मान ताठ होती.

पेंडीची पोती उतरवून घेताना शिवलीला म्हणाली, "आत्या, जुनी पेंड थोडी शिल्लक हाय. तिच्यात मिसळून मिसळून देऊ. एकदम बदलली तर म्हशी त्वांड लावायच्या न्हाईत."

"ती दे शेजारी कुणाला तरी. मला ते पोतंबी डोळ्याम्होरं नको."

शिवलीलानं पोतं देऊन टाकलं. त्या सांजेला चंद्रीनं, त्यांच्या सगळ्यात मोठ्या म्हशीनं, घमेल्यात नाक घातलं, फुरफुरून श्वास सोडला आणि तोंड फिरवून उभी राहिली. बाकीच्या म्हशींनी थोडं खाल्लं, थोडं सांडलं. दूध घटलं. संकलन केंद्रावरच्या माणसानं बिभीषणला विचारलंसुद्धा, म्हशी आटायला लागल्या का म्हणून. शिवलीला गुळाचं पाणी शिंपडून पेंड हातानं चारू लागली. कधी चंद्रीच्या गळ्याखाली खाजवत बसायची, कधी नुसतीच तिच्याशी बोलत उभी राहायची. स्वयंपाक मागं पडायचा. धुरपदाबाई ओट्यावरून म्हणायच्या, "लागंल सवय. जनावरच हाय."

महिना सरत आला तेव्हा एका दुपारी वस्तीवर गाडी आली. हिंमतराव आणि कृष्णराज उतरले. धुरपदाबाईंनी त्यांना बाजेवर बसवलं, कारण दारात आलेल्याला उभं ठेवायची त्यांची रीत नव्हती. शिवलीलाला चहा टाकायला सांगितला.

हिंमतरावांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं. कृष्णराजनं मात्र लगेच विषय काढला. "मावशी, तुम्ही गेल्याचं मला वाईट वाटलं. म्हणून मी तुमच्यासाठी खास बघितलं. कंपनीची आणखी एक योजना आहे, 'परत या' नावाची. जे ग्राहक सोडून गेलेत ते परत आले तर त्यांना कॅनपण मिळतो आणि मोठी छत्रीपण. आता तुम्ही त्यात बसता."

धुरपदाबाईंना आधी ते नीट कळलंच नाही. "पुन्यांदा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं.

"म्हंजी नवीन आला त्याला हाय. सोडून गेला त्यालाबी हाय. आन् म्या गेले नसते तर?"

कृष्णराजनं हिंमतरावांकडं बघितलं.

"तर काय मिळत नव्हतं. व्हय ना? मंग ऱ्हाणाऱ्यानं काय पाप केलं, बाबा?"

या वेळी मात्र त्यानं गोड बोलून वेळ मारून नेली नाही. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मावशी, खरं सांगू? आमच्या वरच्या लोकांना राहणारा माणूस दिसतच नाही. नवा आला की आकडा वाढतो, तो दिसतो. गेला की आकडा घटतो, तोही दिसतो. जो जागेवर आहे त्याचं काय बघायचं, असं असतं ते. मलापण कुणी विचारत नाही, जुने किती टिकवले म्हणून. नवे किती आणले एवढंच विचारतात."

त्याच वेळी शिवलीला चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती एकदम हसली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. ताट हातात हललं आणि चहा बशीत सांडला. परक्या माणसांसमोर ती कधी तोंड वर करून बोलायची नाही, म्हणून हिंमतरावांनीही चमकून बघितलं. तिनं कप ठेवले आणि आत निघून गेली.

"इचार करून सांगते," म्हणून धुरपदाबाईंनी पाहुण्यांना वाटेला लावलं. मग आत जाऊन विचारलं, "का गं, हसलीस का?"

"काय न्हाय, आत्या. आसंच."

पण ते हसू त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं.

लक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा, सण आला. धाकटा लेक शिवराज पुण्यात नोकरीला होता. तो आणि त्याची बायको हर्षाली सणाला येणार होते. धुरपदाबाई आठवडाभर आधीपासून कामाला लागल्या. हर्षालीला पुरणपोळीवर घरचं तूप लागतं म्हणून तूप कढवून ठेवलं, तिला झोपायला बाहेरची खोली सारवून घेतली, बिभीषणला पाठवून बार्शीहून तिच्यासाठी साडी आणली. सारवलं शिवलीलानं, तूप कढवलं शिवलीलानं, पुरण वाटलंही तिनंच. ते तसंच चालत आलं होतं, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

हर्षाली वाईट मुलगी नव्हती. आली की पदर खोचून चुलीपुढं बसायची, जे जमेल ते करायची आणि भाकरी थापायला गेली की स्वतःच हसायची. सणाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका लक्ष्म्या बघायला आल्या होत्या, तेव्हा धुरपदाबाईंनी सगळ्यांच्या समोर तिची ओटी भरली आणि साडी दिली. बायकांनी काठ हातात घेऊन बघितले. हर्षालीनं साडी मांडीवर ठेवली आणि सहज विचारलं, "आई, ताईंना कोणती आणली?"

"तिला काय," धुरपदाबाई म्हणाल्या, "ती तर घरचीच..."

आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही. बायका बोलत होत्या, पोरं प्रसाद मागत होती. शिवलीला आत पोळ्या लाटत होती, लाटण्याचा आवाज येत होता. धुरपदाबाई लक्ष्म्यांसमोरची समई सारखी करायच्या निमित्तानं पाठ फिरवून बसल्या. त्यांच्या कानात त्या साहेबाचा आवाज होता. तोच गोडवा, तेच हसू. त्यानं म्हटलं तेव्हा त्यांना अंगाला चटका बसल्यासारखं झालं होतं, आणि इथं त्या स्वतः ते किती सहज म्हणत होत्या. आजच नव्हे, किती तरी वेळा.

दोन-तीन पावसाळ्यांमागं त्या गोठ्यात घसरून पडल्या होत्या आणि पाय मोडून कितीतरी दिवस बाजेवर होत्या. त्यांना उचलून बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं शिवलीलानं केलं होतं. हर्षाली तेव्हा पुण्याहून भेटायला आली आणि येताना सफरचंदांची पेटी घेऊन आली. जो बघायला येईल त्याला धुरपदाबाई सफरचंद कापून देत आणि सांगत, "माझ्या धाकटीनं आणल्यात." थोरली तिथंच उभी असायची, कापायला सुरी तीच आणून द्यायची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं त्या वेळी त्यांना काही सुचलं नव्हतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं काय सांगायचं?

त्या दिवशी त्यांना पोळी गोड लागली नाही.

पाहुणे पुण्याला गेल्यावर दुपारी त्या गोठ्यात आल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. शिवलीला कुट्टी करत होती.

"त्या दिशी का हसलीस, ते सांग."

"कवा?"

"त्या साहेबाफुडं. चहा सांडलास तवा."

शिवलीलानं हातातला कडबा खाली ठेवला. "राग येईल तुमाला."

"येऊ दे. सांग."

"तुमी म्हणलाव, ऱ्हाणाऱ्यानं काय पाप केलं. मला वाटलं, लई वर्सं माझ्या मनात व्हतं ते तुमच्या तोंडातनं आलं. म्हणून हसू आलं. वाईट वाटून न्हाय हसले. खरंच हसू आलं."

धुरपदाबाई म्हणाल्या, "उद्या बार्शीला जाऊ. तुझ्या पसंतीची साडी घेऊ."

"नको, आत्या."

"का?"

"आता घेतली तर नेसताना दर वक्ताला आठवंल की मागून मिळाली. आन् हर्षालीवर माझा राग न्हाय. ती दोन दिस येती, तिचं कौतुक व्हायलाच पायजे."

"मंग तुला काय पायजे?"

चंद्रीनं शेपटी मारली, ती शिवलीलानं हातानं बाजूला केली. मग म्हणाली, "पेंड बदलायच्या आधी मला इचारायचं व्हतं."

"पेंड?"

"म्या चारते, म्या धार काढते, लाथा म्या खाते. जनावराला काय मानवतं ते मला ठावं असतं. तुमाला त्या साहेबाचा राग आला, तुमी पेंड बदलली. मला बोलायचीबी सोय न्हवती. तुमाला कॅन मिळाला, शाल मिळाली. मला काय मिळालं? दोन्ही वक्ताला म्हशींच्या इनवण्या."

सून इतकं सलग कधी बोलल्याचं धुरपदाबाईंना आठवत नव्हतं. त्यांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं, की घरात कारभार कुणी बघायचा ते त्यांना शिकवायचं नाही. ते त्यांनी गिळलं. गिळायला वेळ लागला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता इचारते. काय करायचं?"

"आसं लगेच न्हाय सांगता यायचं. म्या दुकानात येते तुमच्यासंगं. पर बोलणार म्या."

ठरल्याप्रमाणं दोघी परंड्याला गेल्या. हिंमतरावांनी कृष्णराजलाही बोलावून घेतलं होतं. त्याला वाटलं मावशी परत आल्या, म्हणून तो छत्री बाहेर काढूनच बसला होता. धुरपदाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि शिवलीला पुढं उभी राहिली. पहिलं वाक्य बोलताना तिचा आवाज कापला, नंतर सुधारला.

"छत्री नको. कॅनबी नको. ते नव्यांना द्या, नव्या माणसाला काय तरी दिल्याबिगर तो येणार न्हाय, ते आमालाबी कळतं. पर हिंमतराव भाऊ, आमाला पोतं कुठनं काढून देता तुमी?"

"म्हंजी? थप्पीतनं."

"भिंतीकडच्या थप्पीतनं. नवा माणूस आला की नव्या गाडीतलं, ताजं. आमाला मागचं, ओल लागलेलं. गेल्या पावसाळ्यात दोन पोत्यांतल्या गोळ्यांचा भुगा निघाला. म्या चाळून चाळून घातला."

हिंमतरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "जुना माल आधी काढावा लागतो, बाई. न्हाईतर दुकान चालायचं कसं? आन् तुमी कवा बोलला न्हाईत."

"म्हणूनच आमाला देत व्हता ना? बोलणाऱ्याला दिला आसता तर त्यानं परत आणून टाकला आसता."

धुरपदाबाईंना हे माहीतच नव्हतं. साथीच्या सालात ज्या दुकानासाठी त्या भर बाजारात उभ्या राहिल्या, तिथून त्यांच्याच गोठ्यात शिळं पोतं येत होतं आणि सून मुकाट्यानं चाळत होती. त्यांना बोलायला पुष्कळ सुचलं. पण बोलणार शिवलीला, असं ठरलं होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि त्या बसून राहिल्या.

हिंमतराव खाली बघून म्हणाले, "चुकलं. आपली माणसं समजून घेतील आसं धरून चाललो. ह्याच्याफुडं पोतं तुमी दाखवाल त्या थप्पीतनं."

कृष्णराजनं छत्री गुपचूप टेबलाखाली सरकवली. "ताई, कंपनीनं काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"डॉक्टर पाठवा," शिवलीला लगेच म्हणाली. "वर्षातनं एकदा तरी. जी जनावरं तुमची पेंड खाऊन मोठी झाली ती येऊन बघा तरी. कॅन घरात चार आसत्यात. डॉक्टर हुडकायला मातुर फाट्यावर ताटकळत बसावं लागतं."

"प्रयत्न करतो," तो म्हणाला. "शब्द देत नाही. जुन्यांसाठी खर्च मागितला की वर पहिला प्रश्न येतो, ते कुठं जाणार आहेत?"

"त्यांना सांगा," शिवलीला म्हणाली, "किल्ल्याकडच्या रस्त्याला गेल्या म्हणून."

हिंमतरावांनाही हसू आवरलं नाही.

तिनं त्या दिवशी एकच पोतं घेतलं, स्वतः बोट लावून निवडलेलं. जीपमध्ये बसल्यावर तिनं सासूला सांगितलं की महिनाभर निम्म्या म्हशींना ही पेंड द्यायची आणि निम्म्यांना ती, आणि मग बघायचं. धुरपदाबाई "बरं" म्हणाल्या. महिन्यानं असं दिसलं की चंद्री आणि दुसरी एक म्हातारी म्हैस मायधारवरच खुश आहेत, पण तरण्या म्हशींना नवी पेंड चांगली मानवलीय. शिवलीलानं दोन्ही चालू ठेवल्या. दोन्ही दुकानदार आता तिला विचारूनच पोतं काढायचे, कारण ती परत येईलच असं दोघांनाही धरून चालता येत नव्हतं. धुरपदाबाईंना ते पहिल्यांदा बरं वाटलं नाही. एका दुकानाशी धरून राहण्यात त्यांची उमर गेली होती. मग त्यांनी त्यावर बराच विचार केला. धरून राहावं, पण समोरच्याला ते दर खेपेला दिसायला हवं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. तशी दुकानं असतात का, घरं असतात का, हे त्यांना ठरवता आलं नाही.

कंपनीनं जुन्या ग्राहकांसाठी वेगळी योजना काढली नाही. कृष्णराजनं मागितली होती, वरून नकार आला. पण थंडीच्या दिवसांत त्यानं एक शिबिर मंजूर करून आणलं, तेही याच तालुक्यापुरतं, आणि जुन्या ग्राहकांची जनावरं आधी तपासायची असं स्वतःच्या अधिकारात ठरवलं. गावातल्या शाळेमागच्या मैदानात सकाळपासून जनावरं जमली. शिवलीला चंद्रीला घेऊन पुढं उभी होती, धुरपदाबाई शेजारी.

मागं कुरबुर सुरू झाली. "आमी काल आलो म्हणून आमची जनावरं काय जनावरं न्हाईत?" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. दुसऱ्यानं साथ दिली. कृष्णराज समजूत घालत फिरत होता आणि त्याच्या कपाळावर थंडीतही घाम होता.

मागच्या गर्दीत शिवप्रिया नावाची एक नवी सासुरवाशीण होती. तिच्या घरानं याच दिवाळीला पहिली म्हैस घेतली होती. तिच्या हातात दोरीला बांधलेलं रेडकू होतं, ते उभं राहत नव्हतं, मान टाकत होतं. ती कुणाला काही म्हणत नव्हती, नुसती डॉक्टरांच्या टेबलाकडं बघत होती.

शिवलीलानं मागं वळून बघितलं आणि चंद्रीची दोरी बाजूला घेतली. "तिला येऊ द्या आधी."

"अगं, आपला नंबर हाय..." धुरपदाबाईंनी तोंड उघडलं. कुठं तरी पहिल्यांदा त्यांचं नाव आधी लागलं होतं. मग त्यांची नजर त्या रेडकावर गेली. त्यांनी विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

"चंद्री थांबंल. रेडकू न्हाय थांबायचं."

"मंग बोलव तिला."

शिवलीलानं हात करून शिवप्रियाला पुढं बोलावलं. डॉक्टर रेडकावर वाकले. धुरपदाबाईंनी चंद्रीची दोरी सुनेच्या हातातून घेतली आणि तिला लिंबाच्या सावलीत नेऊन उभं केलं.